झाडीच्या मुलखातील सुगी : एका दिवसाचा मान आणि बारा महिन्यांचा हक्क

चंद्रपूर आणि गडचिरोली म्हटले की मुंबई-पुण्याच्या माणसाच्या डोळ्यांपुढे वाघ, कोळशाच्या खाणी आणि घनदाट जंगल एवढेच उभे राहते. पण या जंगलाच्या पोटात धानाच्या बांध्या आहेत, जुने तलाव आहेत, मोहाची झाडे आहेत. पेरणीपासून मळणीपर्यंत सणांचे एक संपूर्ण वर्ष येथे चालते. समाजकार्याच्या निमित्ताने आमचे या मुलखात निरनिराळ्या ऋतूंत जाणे होत असते. विहारातील बैठक संपली, चहा झाला, की मागे बसलेल्या आयाबाया एक प्रश्न हमखास विचारतात, "भाऊ, आपण बौद्ध झालो. मंग पोळा करावा का नाही? नवं खावं का नाही?"

या प्रश्नाला 'करू नका' असे दोन शब्दांत उत्तर देऊन उठणे सोपे आहे. 'चालतंय की' असे म्हणणे त्याहून सोपे आहे. पण ज्या माणसाचे पोट मातीवर आहे त्याला पेरणी, कापणी आणि मळणी यांचा आनंद होणारच. तेव्हा हे सण नेमके काय आहेत, त्यांत कोणाला काय मिळते आणि कोण उपाशी राहते, हे डोळ्यांनी पाहून मगच बोलावे असे आम्ही ठरविले. जे पाहिले आणि ऐकले ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

धानाचा मुलूख

चंद्रपूरहून गडचिरोली सुमारे ८० किलोमीटर. एस.टी. मूलच्या पुढे गेली की कापूस मागे पडतो आणि दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या सुरू होतात. सावली, व्याहाड अशी गावे घेत गाडी वैनगंगेचा पूल ओलांडते आणि गडचिरोली येते. हा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. पूर्व चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या सगळ्या पट्ट्याला लोक झाडीपट्टी म्हणतात. येथील बोली झाडीबोली. येथे 'शेत' म्हणण्यापेक्षा 'बांधी' म्हणण्याची रीत आहे, कारण चारी बाजूंनी पाळ घालून पाणी अडविल्याशिवाय धान होत नाही. त्या पाण्यासाठी जुन्या काळी तलाव बांधले गेले. मालगुजारी १९५१ साली संपली, म्हणून आज कागदोपत्री त्यांना माजी मालगुजारी तलाव आणि लोकांच्या तोंडी 'मामा तलाव' म्हणतात. नाव मालगुजाराचे राहिले. माती वाहणाऱ्या डोक्यांची नावे कोठेच लिहिलेली नाहीत.

आषाढ-श्रावणात रोवणी चालते. परे उपटायचे, पेंढ्या बांधायच्या आणि गुडघाभर चिखलात वाकून एकेक रोप लावायचे. हे काम जवळजवळ सगळे बायाच करतात. पाच-सहा बाया मिळून एकराचा ठेका घेतात. त्याला इकडे 'हुंडा' म्हणतात; लग्नातल्या हुंड्याशी त्याचा संबंध नाही. वरून पाऊस, खाली चिखल, पायांच्या बोटांत चिखल्या झालेल्या, आणि तरी गाणे चालू असते. सिंदेवाहीकडे एका बांधावर आम्ही विचारले, "बाई, इतक्या पावसात गाणं सुचतं तरी कसं?" एक बाई कंबर सरळ करीत म्हणाली, "गाणं नाही म्हटलं तं कंबर आठोते, भाऊ." रोवणीच्या गाण्यांवर आजवर पुष्कळ लिहिले गेले, पण हे उत्तर आमच्या वाचनात कोठे आले नव्हते.

पोळा

श्रावण अमावास्येला पोळा येतो. तोपर्यंत चिखलणीचे आणि रोवणीचे मोठे काम उरकलेले असते. आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तेलाने चोळतात आणि उद्याच्या जेवणाचे आवतण देतात. दुसऱ्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू नाही. त्याला धुतात, शिंगे रंगवितात, अंगावर झूल घालतात. तोरणाखाली सगळ्या गावाचे बैल उभे राहतात आणि झडत्या म्हटल्या जातात. या झडत्यांत पूर्वीपासून सावकार आणि कामचुकार पुढारी यांची टोपी उडविण्याची मोकळीक असते. दारांत पळसाच्या फांद्या, म्हणजे मेढे, ठेवलेले असतात. दुसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वी पोरे ते मेढे गोळा करून रोगराईने निघून जावे असे ओरडत गावाबाहेर नेतात, ती मारबत. त्याच दिवशी लहान मुलांचा तान्हा पोळा असतो. लाकडी बैल दोरीने ओढीत मुले घरोघर जातात आणि त्यांच्या हातावर काहीतरी खाऊ पडतो, त्याला बोजारा म्हणतात.

हे सगळे पाहून मन प्रसन्न होते हे खरे. राबणाऱ्या जनावराविषयी कृतज्ञता ठेवणे हे करुणेचेच काम आहे आणि त्याला विरोध असण्याचे कारण नाही. परंतु पोळ्याला बोजारा मिळणारा आणखी एक जण असतो. तो म्हणजे सालगडी. वर्षभर मालकाच्या घरी राबणाऱ्या गड्याला पोळ्याच्या दिवशी नवे धोतर किंवा सदरा, पोटभर जेवण आणि चार पैसे मिळण्याची रीत होती. ट्रॅक्टर आल्यापासून बैलही कमी झाले आणि सालगडीही. एका म्हाताऱ्या गड्याने आपल्या तरुणपणाची गोष्ट आम्हांला सांगितली. "धोतर दिलं जी मालकानं. कपाळाले टिका लावला. मी म्हटलं, मालक, मागचा हिसाब तेवढा करून टाका. तं मालक म्हणे, सणाच्या दिवशी हिसाब काढतं का रे?"

आम्हांला वाटते, जुन्या सुगीच्या सणांचे सगळे मर्म या एका वाक्यात आहे. बैलाला एक दिवस पुरणपोळी आणि बाकी दिवस तुतारी. गड्याला एक दिवस टिळा आणि बाकी दिवस शिव्या. मान दिला जातो, पण हिशेब दिला जात नाही.

दिवाळीच्या पाडव्याला झाडीपट्टीत गायगोधन असते. गोवारी बांधव ढाल उभारून वाजतगाजत गाई खेळवितात. त्या दिवशी गावचा पाटीलही गोवाऱ्याला मान देतो. याच गोवारी समाजाचे हजारो लोक अनुसूचित जमातीच्या सवलतींची मागणी घेऊन २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपूरच्या विधानभवनावर गेले. तेथे झालेल्या चेंगराचेंगरीत ११४ जण मृत्युमुखी पडले. त्यांत बाया आणि लहान मुले पुष्कळ होती. गाय खेळविण्याचा मान पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना मिळाला, त्यांनी हक्क मागितला तेव्हा काय मिळाले, हे दरवर्षी गोधनाच्या दिवशी आठवले पाहिजे.

खळ्याच्या टोकाला उभा असलेला माणूस

हलके धान दसरा-दिवाळीच्या सुमारास निघते, भारी धान पुढे मार्गशीर्षापर्यंत चालते. कापलेल्या कडपा वाळल्या की भारे बांधून खळ्यावर पुंजणे रचतात. पुंजणे म्हणजे शेतकऱ्याची बँक. आग लागली तर वर्ष गेले. मळणी झाली, वाऱ्यावर धान उपणले, रास झाली, की तिची पूजा होते आणि नंतर मापे सुरू होतात.

याच खळ्यावर आपल्या वाडवडिलांची जागा कोणती होती? मूल तालुक्यातील एका गावी सत्तरी ओलांडलेल्या एका आजीने आम्हांला ती सांगितली. "आमचा बाप खळ्याच्या कोन्ट्यात उभा राहे. सुताराचं, लोहाराचं, न्हाव्याचं माप झालं का मंग आमचं. खळं झाडून जे निंगे ते पदरात. त्यात धान किती अन् माती किती, ते घरी येऊन सुपात कळे."

गावची राखण, निरोप पोचविणे, मेलेले ढोर ओढणे ही कामे बारा महिने. त्यांचा मोबदला मात्र मजुरी म्हणून नव्हे, तर दुसऱ्याच्या आनंदाच्या दिवशी पदरात टाकलेले दान म्हणून मिळायचा. पश्चिम महाराष्ट्रात वतन आणि बलुते होते; आमच्या मध्यप्रांतात कोतवालीची व्यवस्था काहीशी निराळी होती; पण खळ्याच्या टोकाला उभे राहणे दोन्हीकडे सारखेच. परमपूज्य डॉ. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाचे बिल मांडले ते याच साठी. बलुत्याच्या चार पायल्यांनी माणूस पोटाला बांधला जातो आणि स्वाभिमानाला मुकतो, हे त्यांनी ओळखले होते. आमच्या समाजातील जुन्या माणसांनी सुगीचे मागणे सोडले, ढोर ओढणे सोडले, तेव्हा काही घरी कित्येक दिवस चूल पेटली नाही. तरी ते परत खळ्यावर गेले नाहीत. तेव्हा 'आपले जुने सण किती गोड होते' असे कोणी म्हणू लागला, तर त्याला या आजीचे सूप दाखवावे.

वैनगंगेपलीकडे : पंडुम

गडचिरोलीच्या पुढे जंगल दाट होते. एक रस्ता धानोऱ्याकडे जातो. दुसरा चामोर्शी, आष्टी, आलापल्ली करीत भामरागडला पोचतो. भामरागडला इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या नद्या एकत्र येतात. पर्लकोटेला पूर आला की या गावाचा जगाशी संबंध तुटे, असे कितीतरी पावसाळे येथील लोकांनी काढले आहेत. हा माडिया गोंडांचा मुलूख आहे. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती शासनाने आदिम जमाती म्हणून नोंदल्या आहेत, त्यांतील ही एक. कोसरी, धान, मोह, कंदमुळे, मासे यांवर त्यांचे वर्ष चालते.

माडिया आपल्या सणाला 'पंडुम' म्हणतात. पंडुमची नावे गावोगाव थोडी बदलतात. पण मूळ नियम सगळीकडे एकच आहे. जंगलातील किंवा शेतातील नवी वस्तू गावाचा पंडुम झाल्याशिवाय कोणी एकट्याने तोडायची नाही आणि खायची नाही. आंब्याचा पंडुम वेगळा. गोंडीत आंब्याला मर्का म्हणतात, म्हणून तो मर्का पंडुम. पेरणीपूर्वी बियाण्याचा विज्जा पंडुम. पुढे नवे धान खाण्याचा वेगळा. गायता, भूमिया, पेरमा असे गावातले जाणते लोक एकत्र बसून दिवस ठरवितात. त्यासाठी बाहेरून कोणी पंचांग घेऊन येत नाही.

भामरागडच्या बाजूला एका गावी आम्ही विज्जा पंडुम पाहिला. प्रत्येक घरातून मूठभर बियाणे आले. कोणाचे चांगले, कोणाचे किडके. ते सगळे एका ठिकाणी मिसळले गेले. विधी झाल्यावर त्याच मिसळलेल्या बियाण्यातील थोडे थोडे प्रत्येक घराला परत मिळाले आणि ते आपापल्या बियाण्यात टाकून पेरायचे ठरले. ज्याच्या घरी बियाणे नव्हते तोही रिकाम्या हाताने परतला नाही. रात्री ढोल वाजला आणि बाया-पुरुषांनी हात धरून रेला धरला.

आंब्याविषयी आम्ही एका माडिया बांधवाला विचारले, "तुमच्या अंगणातलं झाड, तुम्ही लावलेलं. तुमच्या लेकरानं पंडुमच्या आधी एक कैरी खाल्ली तर काय होईल?" तो हसला. म्हणाला, "झाड अंगणात आहे जी, पर फळ गावाचं आहे. आधी गावानं खावं." यात देवाचे भय नाही असे नाही. पण त्या भयाच्या आड एक शहाणपण उभे आहे. कोवळे फळ ओरबाडले जात नाही, ते जून होते, बी तयार होते. गावातल्या सशक्ताने आधी जाऊन सगळे आणले आणि म्हाताऱ्या विधवेला काही उरले नाही, असे होत नाही. खळ्याच्या टोकाला उभे राहण्याची जागाच त्या गावात नाही.

म्हणून पंडुममधले सगळेच डोक्यावर घ्यावे असे आमचे म्हणणे नाही. कोंबड्या-बकऱ्यांचा बळी जातो. मोहाची दारू देवालाही लागते आणि माणसांनाही. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे आणि ती लोकांनी, त्यातही बायांनी, चळवळ करून मिळविली आहे. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली बंदी आली आणि २०२१ साली ती उठली. त्यामुळे मोह हे फूल म्हणून किती पोसते आणि दारू म्हणून किती नासते, हे येथील बायांना कोणी शिकवायला नको. शिवाय मासिक पाळीच्या दिवसांत बाईला गावाच्या कडेला कुर्माघरात राहावे लागते. सगळ्यांना समान वाटा देणारे गाव आपल्या लेकीबाळींना पावसापाण्यात त्या झोपडीत ठेवते, हे पाहून आम्हांला वाईट वाटले आणि ते आम्ही तेथेच बोलून दाखविले. तिथल्या तरुण मुलीही आता हे बोलू लागल्या आहेत. समता अर्धी असून चालत नाही, हा नियम आपल्याला लागू आहे तसा त्यांनाही आहे.

मोह, तेंदू आणि कायदा

फाल्गुन-चैत्रात मोह गळतो. पहाटे अंधार असतानाच बाया आणि मुले टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. याच दिवसांत वाघाने मोह वेचणाऱ्याला मारल्याच्या बातम्या चंद्रपूर जिल्ह्यातून दरवर्षी येतात. मोह गोळा करताना बाई वाकलेली असते आणि वाकलेले माणूस वाघाला जनावरासारखे दिसते, असे लोक सांगतात. तरी जावे लागते, कारण त्या टोपलीत तेल-मिठाचे पैसे असतात. उन्हाळ्यात तेंदूपत्ता येतो. ७० पानांचे एक पुडके बांधून संध्याकाळी फळीवर मोजून द्यायचे. या कामात गोंड, माडिया, बौद्ध, कुणबी सगळ्यांची घरे असतात. बुद्धपौर्णिमा याच दिवसांत येते, म्हणून कित्येक गावी वंदना आणि खीरदान रात्री फळीवरून परत आल्यावर होते.

हे जंगल कोणाचे, हा प्रश्न फार दिवस अनुत्तरित होता. पंडुम गावाचा आणि झाड सरकारचे, असा प्रकार होता. धानोरा रस्त्यावरील मेंढा या गोंड गावाने तो धसास लावला. लेखा गावाजवळचे म्हणून त्याला मेंढा-लेखा म्हणतात. तेथील ग्रामसभेत निर्णय बहुमताने होत नाही, सगळ्यांच्या संमतीने होतो. २००६ साली वनहक्क कायदा झाला. त्याखाली २००९ साली मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. याच जिल्ह्यातील मर्दा गावालाही त्याच सुमारास मिळाला. देशात असा हक्क मिळविणाऱ्या अगदी पहिल्या गावांत या दोहोंची गणना होते. पुढे आपल्या जंगलातील बांबू आपण विकण्यासाठीही मेंढ्याला झगडावे लागले. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी स्वतः गावात येऊन वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. तेव्हा कोठे गावाचा बांबू गावाच्या सहीने बाहेर पडला.

आम्ही याला सुगीच्या सणाचेच पुढचे पाऊल समजतो. पंडुमने शिकविले की फळ सगळ्यांचे. कायद्याने ते कागदावर आणले. नुसता पंडुम करून बांबू मिळाला नसता. आणि मिळून निर्णय घेण्याची सवय अंगी नसती तर कायदा असूनही तो कपाटातच राहिला असता. दुसऱ्या बाजूला एटापल्ली तालुक्यातील सूरजागडचा डोंगर आहे. तेथे दर जानेवारीत ठाकूरदेवाची यात्रा भरते आणि इलाक्यातली गावे जमतात. त्याच डोंगरातून आता लोहखनिज निघत आहे. काहींना काम मिळाले, काहींचे जंगल गेले. यात्रेला मान देणारे पुढारी पुष्कळ आहेत; यात्रेच्या लोकांना विचारून निर्णय घेणारे किती आहेत, हे वाचकांनीच पाहावे.

मंडई आणि मिरचीची गाडी

दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. पाळणे, मिठाई, दंडार आणि रात्रभराचे नाटक. देसाईगंज म्हणजे वडसा हे झाडीपट्टी रंगभूमीचे ठाणे आहे. धान कापून हातात पैसा आला की नाटकाचा हंगाम सुरू होतो. या रंगभूमीवर आयुष्य घालविलेले परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा सगळ्या मुलखाला आनंद झाला. शंकरपटावर म्हणजे बैलांच्या शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बंदी घातली होती. २०२१ च्या डिसेंबरात अटींसह परवानगी मिळाली आणि पट पुन्हा भरू लागले.

पण मंडईच्या मागच्या बाजूला, रस्त्यावर, एक वेगळी गर्दी असते. धान निघाले की हातचे काम संपते. मग गडचिरोली-चंद्रपूरच्या भूमिहीन बाया मिरची तोडायला तेलंगणात जातात. डोक्यावर गाठोडे, काखेत लेकरू, शाळेत जाणारी पोर सोबत. मिरचीच्या खाटाने हात आणि डोळे दोन-दोन महिने जळतात. यांत आपल्या बौद्ध भगिनी मोठ्या संख्येने आहेत. ज्या बाईने रोवणी केली, कापणी केली, तिच्या घरात सुगीनंतर तीन महिनेही धान पुरत नाही. हे बदलले नाही तर सुगीचा आनंद तिचा म्हणता येणार नाही.

भगवंतांचा वप्पमंगल

आता बायांच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. बौद्धांनी सुगीचा सण करावा काय?

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या तरुणपणाची हकीकत दिली आहे. वडिलांच्या शेतावर उन्हातान्हात अपुऱ्या कपड्यांनी राबणारे मजूर पाहून सिद्धार्थाने आपल्या मित्रांना विचारले की, एकाने राबावे आणि दुसऱ्याने त्या श्रमाच्या फळावर जगावे हे योग्य कसे? त्याच ठिकाणी बाबासाहेब वप्पमंगलाविषयी सांगतात. हा शाक्यांचा पेरणीचा सण. त्या दिवशी प्रत्येक शाक्याने स्वतः नांगर धरायचा, अशी रीत होती. सिद्धार्थ विद्वान होता, तरी तो नांगर धरीत असे आणि अंगमेहनतीला कमी लेखीत नसे. वाचकांनी या दोन गोष्टी एकत्र वाचाव्यात. सण आहे, पण त्यात मालकही नांगर धरतो; आणि सणाच्याच मुलखात हिशेबाचा प्रश्न विचारला जातो. पोळ्याच्या त्या मालकाने जो प्रश्न टाळला, तोच सिद्धार्थाने विचारला होता.

धम्माचे सगळे वर्षच शेतीच्या ऋतूंवर बसविलेले आहे. पावसाळ्यात भिक्खू हिंडतात, हिरवे गवत व रोपे तुडवितात, लहान जीव मरतात, अशी लोकांनी तक्रार केली, म्हणून वर्षावासाचा नियम झाला. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत भिक्खूंनी एका ठिकाणी राहायचे. चीवर कसे शिवावे हा प्रश्न आला तेव्हा भगवंतांनी आनंदाला मगधातील धानाची शेते दाखविली: चौकोनी, मध्ये मध्ये पाळी घातलेली. त्या नमुन्यावर चीवर शिवले गेले. भन्तेजींच्या अंगावरचे चीवर नीट पाहा, त्यात आपली बांधी दिसेल. श्रीलंकेत आजही शेतकरी नव्या हंगामाचे तांदूळ अनुराधपूरच्या बोधिवृक्षापाशी अर्पण करतात.

धर्म बदलला म्हणजे ऋतूचा आनंद सोडावा लागतो असेही नाही. इराणचे उदाहरण घ्या. तेथील लोक हजार-बाराशे वर्षांपूर्वीच बहुसंख्येने मुसलमान झाले, पण वसंतातला नवरोज त्यांनी सोडला नाही. आपल्याकडचे पारशी तोच दिवस २१ मार्चला जमशेदी नवरोज म्हणून पाळतात. इराणच्या खेड्यांत त्या दिवसांत ताटलीत गहू उगवून ठेवतात आणि तेराव्या दिवशी घराबाहेर, शेता-मळ्यांत जाऊन तो हिरवा अंकुर वाहत्या पाण्यात सोडतात. आपल्या पूर्व विदर्भात भुजली करणाऱ्या बाया गव्हाचे अंकुर असेच पाण्यात सोडतात. माणसाला अंकुराचा आनंद होतो, तो कोणत्याही धर्माचा असो.

तेव्हा आमचे उत्तर असे. नवस, बळी, दारू आणि अंगात येणे यांना बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात जागा नाही. पण बैलाला विश्रांती, त्याला चारा, लेकरांना खाऊ आणि नव्या धानाची खीर यांत प्रतिज्ञेचा भंग कोठेच होत नाही. पोळ्याला बैल धुवा, पण त्याच दिवशी, ज्याने तुमच्या शेतात काम केले त्याचा हिशेब चुकता करा; तुमचा बाकी असेल तर मागा. सण आहे म्हणून लाजू नका. मारबतीच्या दिवशी पोरांना नुसते ओरडू देऊ नका. तरुण मंडळाने गावची नाली आणि विहिरीचा परिसर साफ करावा, म्हणजे रोगराई खरोखर जाईल. नव्या तांदळाची पहिली पायली आश्विन किंवा कार्तिक पौर्णिमेला विहारात आणावी, सगळ्यांची एकत्र शिजवावी आणि ज्या घरची बाई मिरचीला जाणार आहे त्या घरी त्यातली शिदोरी आधी पोचवावी. ज्या गावांना वनहक्काचा दावा करता येतो तेथील बौद्धांनी आपल्या गोंड-माडिया भावांबरोबर ग्रामसभेत बसावे.

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरनंतर दोन दिवसांनी, बाबासाहेबांनी चंद्रपूरला येऊन आमच्या आई-वडिलांना धम्मदीक्षा दिली. दरवर्षी १५ व १६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर जो समाज लोटतो, त्यांतला निम्मा धानाच्या मुलखातला असतो. हलके धान तेव्हा पिवळे पडू लागलेले असते. यंदा येताना प्रत्येक गावाने नव्या धानाची एक लोंबी आणावी आणि येथे जमलेल्या लेकरांना वप्पमंगलाची गोष्ट सांगावी. लोंबी आणली नाही तरी चालेल, गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे.

जयभीम.